एक्केचाळीस मेलेल्यांची राख

"थांबा! एक पाऊल पुढं टाकायचं नाही!" म्हातारा अम्मीएल काठी आडवी धरून ओरडला. "शिवू नका त्यांना! माणसं मारून आलेत ते!"

आम्ही बायका झऱ्याच्या उतारावरून धावत सुटलो होतो, त्या जागच्या जागी थबकलो. खाली जुन्या खळ्यावर आमचे पुरुष उभे होते. अंगावर परक्यांची घोंगडी, काखेत परक्यांची तांब्याची भांडी, आणि छाती अशी फुगलेली की मला वाटलं, आता कुणाचा तरी अंगरखा टरकणार. मी चेहरे बघत गेले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पंधरा गेले होते. चौदाच दिसत होते.

"एलदाद कुठाय?" मी ओरडले.

एलदाद माझा नवरा. गावची मेंढरं कातरायचा. कातरताना एखाद्या मेंढराला ओरखडा गेला तर त्याच्या कानाशी वाकून माफी मागायचा, इतका साधा. असला माणूस भाला खांद्यावर टाकून मिद्यान्यांशी लढायला निघाला, तेव्हा मला हसूच फुटलं होतं. मिद्यानी म्हणजे उंटांवरून येऊन ऐन कापणीत धान्य लुटून नेणारे लोक. त्यांना हा काय करणार, कातरणार? पण आता हसू येईना. 

माझा दीर अबीदान पुढं झाला. एलदादचा धाकटा भाऊ. त्यानं चेहरा पाडला, पण नीट पडला नाही. कोपऱ्यात कुठंतरी आनंद राहूनच गेला.

"वहिनी, मन घट्ट करा. दादा पडला. पाच जणांना लोळवून पडला. मी या माझ्या हातांनी पुरलं त्याला."

"मोठ्या खडकाखाली," मागून एक जण म्हणाला.

"बाभळीखाली," त्याच वेळी दुसरा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग अबीदानकडं पाहिलं.

"खडकाजवळच्या बाभळीखाली," अबीदान म्हणाला.

शेजारणींनी लगेच गळा काढला. अगं, झगा फाड तिर्सा, म्हणाल्या, नवरा गेला तुझा, रीत आहे. मी म्हटलं, माझ्याकडं एकच झगा आहे, आणि प्रेत पाहिल्याशिवाय मी तो फाडणार नाही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दुःखानं डोकं फिरलंय हिचं, असं त्यांच्यात ठरलं.

डोकं ठिकाणावर होतं माझं, म्हणून तर भीती वाटत होती. आमच्यात नवरा मूलबाळ न होता गेला, की बायको त्याच्या भावाकडं जाते. मला मूल नव्हतं. आणि एलदादकडं गावातला सगळ्यात गोड द्राक्षांचा मळा होता. अबीदान त्या मळ्याकडं दहा वर्षं जिभल्या चाटत बघत होता, आणि मी त्या मळ्याबरोबर फुकट येणार होते, मडक्याबरोबर झाकण येतं तशी. एलदाद मेला असेल तर सातव्या दिवशी सूर्य बुडताना मी अबीदानच्या घरात. एवढं सगळं सरळ होतं.

सातव्या दिवशी का, तर नियम. ज्यानं माणूस मारला, किंवा मेलेल्याला हात लावला, तो सात दिवस अशुद्ध. त्यानं गावाबाहेर राहायचं, आणि त्याला जो शिवेल तो त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत अशुद्ध. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याच्यावर तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडायचं, मग अंघोळ, मग कपडे धुवायचे, आणि सूर्य बुडाला की शुद्ध. तोवर त्यांचं त्यांनी खळ्यावर बसावं आणि आम्ही सीमेच्या दगडापाशी जेवण ठेवून मागं सरावं.

चौदा जण बसले. जेवले. काय जेवले! मला वाटतं, लढाईनं भूक लागते.

तिसऱ्या दिवशी शिलोहून, म्हणजे देवाचा मंडप असलेल्या गावाहून, याजक आला. हशब्या त्याचं नाव. गोल, घामट, आणि स्वयंपाकाचा वास पाच शेतांवरून ओळखणारा. त्याच्या कुशीत राखेचं गाडगं होतं, तोंड कातड्यानं बांधलेलं. ती राख म्हणजे काही चुलीतली नव्हे. कालवड संपूर्ण तांबडी लागते, दुसऱ्या रंगाचे दोन केस जरी निघाले तरी बाद. मानेवर कधी जू ठेवलेलं नसावं. अशी कालवड एका पिढीत एखादी मिळाली तर नशीब. तेवढ्या गाडग्यावर आमच्यासकट सात गावांनी तीन वर्षं काढायची होती.

"शिंपडायला कोण?" हशब्यानं विचारलं.

"तुम्ही," अम्मीएल म्हणाला. अम्मीएल गावचा वडीलधारा. लढाईला जायचं वय उलटलेलं, पण हुकूम सोडायचं वय अजून उलटलेलं नव्हतं.

"मी? अहो, जो शिंपडतो तो स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. मी अशुद्ध झालो तर दुपारचं जेवण?"

शेवटी पाणी शिंपडायची एजोबच्या झुडपाची जुडी अम्मीएलच्याच हातात आली. झऱ्याच्या वाहत्या पाण्यानं भरलेल्या भांड्यात चिमूटभर राख पडली. मग हशब्यानं घसा साफ केला आणि नियमाप्रमाणं विचारलं:

"ज्यानं कुणाला मारलं नसेल आणि कुणा प्रेताला शिवला नसेल, तो शुद्धच आहे. त्यानं उठावं आणि खुशाल घरी जावं."

वर गावातून मसुराच्या कालवणाचा वास येत होता. घरी अंथरूण होतं, बायका होत्या. खळ्यावर रात्री थंडीनं दात वाजत होते. पण चौदांतला एकही उठला नाही. कसा उठेल? उठणं म्हणजे साऱ्या गावासमोर सांगणं की बाबांनो, मी तिथं जाऊन हात हलवत परत आलो. अशुद्ध राहण्यातच अब्रू होती.

पहिल्यावर पाणी उडालं. दुसऱ्यावर उडालं. तिसरा अबीदान.

"याजकबुवा, एक विचारू? यानं एक मारला. मी तीन मारले, वर भावाला पुरलं. आणि मला याच्याएवढंच पाणी?"

हशब्या गोंधळला. "तसं नियमात काही नाही."

"बंदी आहे का?"

"बंदीही नाही."

अबीदाननं लुटीतलं एक तांब्याचं घंगाळ पायानं त्याच्याकडं सरकवलं. हशब्यानं घंगाळ पाहिलं, त्यात आपलं तोंड पाहिलं, आणि तोंड पसंत पडलं असावं.

"मेलेला जेवढा जास्त, तेवढी अशुद्धी जास्त," तो म्हणाला. "पटण्यासारखं आहे. दर मेलेल्यामागं एक चिमूट."

झालं! मग काय विचारता! पहिला, ज्याच्यावर पाणी उडून गेलं होतं, तो ओरडला की माझा एक मोजायचा राहिला, झुडपात पडला होता म्हणून विसरलो. दुसऱ्याला दोन आठवले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिद्यानी मेले सव्वीस. अम्मीएल झाडझाडून दमला, हाताला कळ लागली, आणि वर संध्याकाळपर्यंत अशुद्ध म्हणून त्याच्या बायकोनं त्याला दारात उपाशी बसवलं.

चौथ्या दिवशी मी सीमेच्या दगडापाशी भाकरी ठेवली आणि मागं सरले नाही.

"भाऊजी, ह्यांना पुरलंत तेव्हा तोंड कुठल्या दिशेला केलंत?"

"उगवतीला, वहिनी."

"गळ्यातला दोरा काढलात? मी बांधलेला?"

"काढला ना. म्हणजे, राहू दिला. तुमची आठवण म्हणून त्याच्यापाशीच राहू दिला."

एलदादच्या गळ्यात कधी दोरा नव्हता. कातरताना अडकतो म्हणून तो काही घालायचाच नाही. मी रिकामी टोपली उचलून घरी आले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घशाखाली घास उतरला.

मी अम्मीएलकडं गेले. म्हटलं, मला त्या जागेवर जाऊ द्या, एक दिवसाची वाट आहे, बघून येते. तो म्हणाला, विधवेनं रानात एकटीनं जाऊ नये. म्हटलं, मग कुणी सोबत द्या. तो म्हणाला, जागा ठाऊक असलेले सगळे अशुद्ध आहेत आणि शुद्ध माणसांना जागा ठाऊक नाही. ह्याला म्हणतात गावाचा कारभार.

पाचव्या दिवशी मी भाकरी ठेवायला गेले, तर अबीदान दगडावर पाय टाकून बसला होता.

"तिर्सा," तो म्हणाला, "आज कालवणाला मीठ कमी होतं."

वहिनी गेली, तिर्सा आली! मीठ त्याला खरंच कमी लागलं असेल, पण मला ती हाक पाठीत धोंडा बसावा तशी लागली. घरी येऊन मी दार लावलं आणि पहिल्यांदा रडले. एलदादला शिव्या देत रडले. कुणी सांगितलं होतं तुला भाला उचलायला? लोकर कातरायची सोडून?

सातवा दिवस उजाडला. सगळं गाव उतारावर जमलं. खळ्यावरचे चौदा जण चार दिवस नुसते बसून होते, तरी बसल्या बसल्या मेलेले वाढले होते. सव्वीसचे एक्केचाळीस झाले. एकाला तर मिद्यान्यांचा सरदार आठवला, आणि सरदाराला दोन चिमटी पडायला हव्यात की नकोत यावर वाद झाला. दोन पडल्या. दुपारी हशब्यानं गाडगं उलटं करून ठोकलं, बोट फिरवलं, बोट पाण्यात बुडवलं.

"संपली," तो म्हणाला, जरा चकित होऊन.

"सात गावांची?" अम्मीएलनं विचारलं.

"एक्केचाळीस मेले म्हणजे काही थोडं नाही!"

ते ओढ्यात उतरले, अंघोळ झाली, कपडे धुऊन झाले. अबीदाननं लुटीतला तांबडा अंगरखा अंगात घातला, ओलाच, आणि माझ्याकडं बघून केस चापून बसवले. सूर्य डोंगरावर दोन हात उरला होता. 

आणि ओढ्याच्या वळणावर काठी टेकत, एक पाय ओढत एलदाद आला.

एक बाई किंचाळली. दोघी खाली बसल्या. हशब्या घंगाळाच्या मागं लपला, जसं काही घंगाळ त्याला पुरणारच होतं. एलदाद थांबला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, गुडघ्यापर्यंत माती. त्यानं ओली डोकी पाहिली, एजोबची जुडी पाहिली आणि काळजीनं विचारलं:

"काय झालं? कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

मी धावले. हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. चार पावलं राहिली तेव्हा त्यानं हात वर केला.

"तिर्सा, थांब. शिवू नकोस. मी अशुद्ध आहे."

मी थांबले. इतका राग आला मला! नऊ वर्षांचा संसार, मेलेला नवरा समोर उभा, आणि याला नियम सुचतोय.

"दादा!" अबीदानला वाचा फुटली. "अरे, तू... तुला तर... डोक्याला मार लागलाय याच्या. लढाईत लागलेला."

"लढाई?" एलदाद म्हणाला. "कसली लढाई?"

 चौदाच्या चौदा जणांना आपल्या पायांची बोटं बघावीशी वाटली.

"आम्ही पोचलो तेव्हा तळ रिकामा होता," एलदाद मला सांगत होता, कुणावर ठपका ठेवावा म्हणून नव्हे, मी विचारलं नसतं तरी सांगितलं असतं तसं. "उंटांची लीदसुद्धा वाळून गेली होती. दोन दिवस आधीच निघून गेले असतील. घाईत बरंच टाकून गेले. माझा पाय तंबूच्या खुंटीत अडकला, घोटा सुजला. अबीदान म्हणाला, बस इथं, एवढं सामान टाकतो आणि तुला न्यायला येतो. हात भरलेले होते ना सगळ्यांचे. मी म्हटलं, ये सावकाश." मग तो खळ्याकडं वळला. "कुणी आलं नाही, तेव्हा मला घोर लागला. म्हटलं, वाटेत तुम्हाला काही झालं की काय. सगळे बरे आहात ना?"

 अबीदाननं घोंगडं उगाच घडी करायला घेतलं.

हशब्या पुढं आला. याजकाला धर्माचं कोडं पडलं की भीती पळते.

"तू कुणाला शिवलास?"

"एका म्हातारीला. मिद्यानीच होती. आजारी, उंटावर बसवेना, म्हणून टाकून गेले तिला. तंबूत होती."

"रिकाम्या तळावर?"

"आमच्यातल्या कुणीतरी तिच्या अंगावरचं घोंगडं ओढून घेतलं होतं," एलदाद म्हणाला. "कुणी ते मला नीट दिसलं नाही. मी तिला पाणी पाजत होतो. चार दिवस होती. परवा गेली. मी पुरलं तिला. खड्डा खोल झाला नाही, पायावर जोर देता येत नव्हता. वर दगड रचले."

मला हसू आलं, आणि ते आवरलं नाही. मी हशब्याकडं वळले.

"म्हणजे याजकबुवा, चौदा शुद्ध माणसांवर तुम्ही गाडगं रिकामं केलंत. आणि ज्याच्यासाठी ते आणलं होतं, तो हा आत्ता येतोय."

"बाई, जीभ आवर!"

"आणि हे पाणी अशुद्धाला शुद्ध करतं आणि शुद्धाला बाटवतं, हे तुमच्या दारच्या शेळीलासुद्धा ठाऊक आहे. म्हणजे सात दिवस मेहनत करून तुम्ही आमचे चौदा पुरुष बाटवलेत. दोनदा!"

हशब्या रिकाम्या गाडग्यात पुन्हा बोट फिरवू लागला. अम्मीएलनं मात्र डोळे बारीक केले. म्हातारा मूर्ख नव्हता. तो काठी टेकत एलदादपासून सहा पावलांवर येऊन उभा राहिला आणि अगदी मायेनं बोलला.

"एलदाद, लेका, दमलास. ऐक माझं. आज तुझा तिसरा दिवस. तुला पाणी हवं. राख संपली. याजक शिलोला जाऊन नवी मागेल, पण तिथं विचारतील, पहिली कुठं गेली? आपण सांगू, लढाई झाली, एक्केचाळीस मारले. मग एक्केचाळीसचे बेचाळीस झाले तर बिघडलं कुठं? तू जखमी होऊन पडलास, यांना वाटलं मेलास. शुद्धीवर आलास आणि एक मिद्यानी तुझ्यावर धावला, त्याला तू मारलंस. एवढंच म्हण. राख येईल, मळा तुझा, बायको तुझी, वर मान."

"धावली नाही ती," एलदाद म्हणाला. "तिला कूस पण बदलता येत नव्हती."

"आणि नाही म्हणालास," अम्मीएल त्याच मायेनं म्हणाला, "तर आम्ही शिलोला काय तोंड दाखवायचं? राख खोट्यावर उधळली म्हणून सांगायचं? ते आम्हाला जमणार नाही. मग राख नाही. आणि ज्याच्यावर पाणी पडलं नाही, तो समाजातून तुटला. कायमचा."

आता माझी पाळी होती. मी एलदादच्या समोर गेले. खरं सांगते, मला खऱ्याखोट्याचं काही पडलं नव्हतं. मला माझा नवरा हवा होता, माझ्या चुलीपाशी, माझ्या अंथरुणात.

"अहो, म्हणा ना," मी म्हटलं. "बाई होती हे कुणी पाहिलंय? दाढी होती म्हणा. हातात तलवार होती म्हणा. चार शब्दांचं काम आहे."

त्यानं मान हलवली.

"का नाही? या चौदांनी एक्केचाळीस मारले जागेवरून न हलता, तुमच्यानं एक होत नाही?"

"तिला दिसत नव्हतं शेवटी," तो म्हणाला. "ती मला तिच्या मुलाच्या नावानं हाका मारत होती. आलास का, म्हणाली. मी म्हटलं, आलो. माझं बोट धरून गेली ती. तिर्सा, एक खोटं बोलून झालंय माझं. ते तिच्यासाठी बोललो. आता तिला शत्रू म्हणू, मी मारली म्हणू? मग ते पहिलं कुणाशी बोललो होतो मी?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचं म्हणणं कळलं, आणि कळलं म्हणूनच असा संताप आला की लोकांसमोर अहो म्हणायची नऊ वर्षांची सवय मोडली.

"अरे मेल्या!" मी किंचाळले. "मेल्या, माझा तरी विचार कर!"

"ऐकलंत?" अम्मीएलनं काठी वर केली. "सगळ्यांनी ऐकलंत ना? तिच्याच तोंडून आलं. बायकोच म्हणते, मेला. मग आम्ही कोण नाही म्हणणारे?"

"अहो, पण ते..." मी म्हणू लागले. गावातली प्रत्येक बाई दिवसातून दहा वेळा कुणाला ना कुणाला मेल्या म्हणते. पोराला म्हणते, बोकडाला म्हणते. पण त्या उतारावरच्या एकीनंही तोंड उघडलं नाही. सगळ्यांच्या घरी त्या लुटीतली भांडी जायची होती. माझीच जीभ, आणि तिनंच माझा गळा कापला.

"चौदा साक्षीदार आहेत, वर बायको पंधरावी," हशब्या सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "मेल्यातच जमा."

सूर्याची नुसती कड उरली होती. अबीदान तांबडा अंगरखा सावरत माझ्याकडं आला. हात पुढं केला.

"चल, तिर्सा. घरी."

मी त्या हाताकडं पाहिलं. पांढरा, धुतलेला, सात दिवस घासलेला हात. आणि मग माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला की मी मोठ्यानं हसले.

मी वळले, चार पावलं गेले आणि एलदादचा मातकट हात घट्ट धरला.

"तिर्सा!" एलदाद दचकला. "बाटलीस!"

"बाटले," मी म्हटलं. मग तोच हात मी अबीदानपुढं धरला. "चला ना भाऊजी. धरा. घरी जायचंय ना?"

अबीदान मागं सरला. मी पुढं गेले. तो आणखी मागं सरला. हाताला हात लागला असता तर धुणं, अंघोळ, मान, सगळं ओढ्यात. पुन्हा अशुद्ध, आणि या वेळी खराखुरा! एक्केचाळीस शत्रूंना न डगमगलेला तो वीर माझ्या पाच बोटांना घाबरून उलट्या पावली पळाला आणि तांब्याच्या भांड्यांत असा कोसळला की आवाज शिलोपर्यंत गेला असेल. उतारावर कुणीतरी खुदकन हसलं. मग कुणाचंच हसू थांबेना.

"सूर्य बुडाला की तू शुद्ध होशील!" अबीदान भांड्यांतून ओरडला. "मग बघतो!"

सूर्य बुडाला. मी एलदादचा हात सोडला, अंघोळ केली, नियमाप्रमाणं शुद्ध झाले, आणि कुणी जवळ यायच्या आत पुन्हा त्याचा हात धरला.

याला आता छत्तीस वर्षं झाली. गावाबाहेर अंजीर वाळवायची झोपडी होती, तिथं राहिलो. मळा अबीदाननं घेतला. मळ्यासाठी मी रडले, खोटं कशाला बोलू. राख कधी आली नाही. त्या लढाईवर मात्र गावात गाणं आलं, आणि गाण्यात मेलेले साठ आहेत.

पाचव्या वर्षी मिद्यानी खरेच आले. आमची नऊ माणसं खळ्यावर मरून पडली, आणि दोन दिवस कुणी त्यांच्याजवळ जाईना. शिवलं तर अशुद्ध, आणि शुद्ध करायला गावात चिमूटभर राख नाही. तिसऱ्या दिवशी अम्मीएल आमच्या झोपडीसमोर सहा पावलांवर येऊन उभा राहिला. "एलदाद, लेका," तो म्हणाला, "तू तर आहेसच अशुद्ध." एलदादनं कुदळ उचलली. तेव्हापासून गावात माणूस गेलं की त्याला बोलावतात. अम्मीएललाही त्यानंच पुरलं.

गेल्या हिवाळ्यात अबीदानचे दोन मुलगे आले. लांब उभे राहिले, नाकाला अंगरखा लावून.

"काका, बाबा गेले."

"मग पुरा की," मी आतून म्हटलं. "दोन धडधाकट मुलगे आहात. बाटलं म्हणून मरत नाही कुणी!"

थोरल्यानं नाकावरचा अंगरखा खाली घेतला. मग म्हणाला, "बाबांनी तुमचंच नाव घेतलं, काका. आम्हाला म्हणाले, तुमचा भरवसा नाही. दादाला बोलवा. दादा मला उघड्यावर टाकून जाणार नाही."

मी एलदादकडं पाहिलं. म्हटलं, जाऊ नका. एवढं एक तरी माझ्यासाठी करा. आयुष्यात एकदा तरी नाही म्हणा. त्यानं ऐकून घेतलं. पाय आता फारच ओढतो त्याचा, तरी गेला. दिवस मावळताना परत आला, कोपरापर्यंत माती.

"खोल खणलंत?" मी विचारलं.

"खोल," तो म्हणाला. "कोल्हे येतात."

मी तोवर अंघोळ करून बसले होते, शुद्ध, रोज या वेळी असते तशी. भाकरी भाजून झाली होती. मी ती त्याच्या हातात दिली.